अव्वा नाटकात बोलली

मोटार कोळशावर चालायची, त्यामुळं निघायच्या आधी अर्धा तास खोकायची. युद्धाचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या मागं एक मोठी टाकी बसवून तिच्यात कोळसा पेटवायचे आणि त्या धुरावर गाडी हाकायचे. तो अर्धा तास मी आणि अव्वा रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभ्या होतो. आमच्या जतच्या बाजूला आईला अव्वा म्हणतात, कानडी मुलूख जवळ आहे म्हणून. माझ्या हातात फडक्यात बांधलेल्या पाच भाकरी, शेंगांची चटणी आणि एक जादा लुगडं. अव्वाच्या हातात काही नव्हतं.

मोटार हलली तेव्हा ती म्हणाली, "माघारी येऊ नगंस. आलीस तर दार उघडायची न्हाई मी."

एवढंच बोलली आणि वळून घराकडं चालायला लागली. मी मागं बघितलं तर तिची पाठ दिसली. रडली नाही. मीही नाही. मला राग आला होता, आणि तो राग मिरजेपर्यंत पुरला.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहिते आहे आणि गाव सोडून गेलेल्यांसाठीही. गावातल्या बायका मला म्हणतात, तुझं बरं झालं, तू सुटलीस. गाव सोडलेल्या विचारतात, तुला गावाची आठवण येत नाही का. दोघींनाही मी आजवर हसून घालवलं. खरं काय झालं ते कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं शौर्य माझं काहीच नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा वळणदार लिहिता येणार नाही. झालं तसं लिहिते.

आम्ही मेंढरं राखणारी माणसं. तेराव्या वर्षी माझं लग्न झालं आणि पंधराव्या वर्षी नवरा तापानं गेला. तो माणूस कसा होता असं कुणी विचारलं तर मला धड सांगता येत नाही. त्याला चिंचेची कढी आवडायची, एवढं आठवतं. सासरच्यांनी वर्षभर ठेवून घेतलं आणि मग माहेरी आणून सोडलं. माहेरी वडील नव्हते. घर चुलत्याचं, मेंढरं चुलत्याची. अव्वा आणि मी त्याच्या जिवावर. त्यानं माझ्यासाठी एक माणूस बघितला. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आमच्यात पाट म्हणतात. पाट वाईट नव्हे. माझ्या मावशीनं लावला होता आणि ती चांगली नांदली. पण हा माणूस अव्वाच्या वयाचा होता, त्याच्या दोन बायका आधीच मेल्या होत्या, आणि घरात तीन पोरं आणि दीडशे मेंढरं होती. त्याला बायको नको होती, हाताखाली माणूस हवं होतं.

गावच्या शाळेच्या मास्तरांची बहीण सांगलीला मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. तिला भांडी घासायला आणि धान्य निवडायला बाई पाहिजे होती. मास्तरांनी अव्वाला विचारलं. अव्वानं चुलत्याला सांगितलं की पोरगी चार महिने काम करून येईल, तोवर पाटाचं बघू. आणि मला मोटारीत बसवताना वर लिहिलंय ते बोलली.

सांगलीत पहिली गोष्ट मी बघितली ती पाणी. वसतिगृहाच्या आडाला दोन हात दोर सोडला की घागर भरायची. आमच्याकडं एका घागरीसाठी अर्धा कोस चालावं लागायचं. पहिले आठ दिवस मी उगाच पाणी काढत होते, लागत नसलं तरी. रेक्टरबाई म्हणाल्या, सुंद्रा, पिंपं सगळी भरलीत, आता बस कर.

स्वयंपाकघरात मला प्रवेश नव्हता. स्वयंपाकीण काकू कोकणातली ब्राह्मण बाई, सोवळ्यातली. मी बाहेरच्या पडवीत बसून तांदूळ, डाळ निवडायची आणि भांडी घासायची. मग रेशनला तांदूळ मिळेना, ज्वारी मिळू लागली. काकूंना भाकरी थापता येईना. त्यांच्या भाकरीचे तव्यावर तीन तुकडे व्हायचे. महिनाभर मुली तुकडे खात होत्या. शेवटी रेक्टरबाईंनी पडवीत वेगळी चूल घालून दिली आणि भाकरीचं काम मला दिलं. माझ्या हातची म्हणून चार मुलींनी भाकरी खाल्ली नाही. आठवडाभर नुसता भात मागून बघितला. मग भूक लागली आणि खाल्ली. त्या चौघींतल्या एकीनं पुढं भाकरी शिकून घेतली माझ्याकडून.

मी सतराची, त्या अठरा-एकोणीसच्या. त्या मला सुंद्राबाई म्हणायच्या आणि मी त्यांना ताई. मी विधवा म्हणून बाई झाले होते आणि त्या कॉलेजात जात होत्या म्हणून ताई. त्यांच्या वेण्या बघून मला वाटायचं, या अजून खेळतायत. राग यायचा. हेवाच तो, पण तेव्हा राग वाटायचा.

त्यांच्यात एक पद्माताई होती, सांगलीजवळच्याच जैन शेतकऱ्याची मुलगी. ती सूर्य मावळायच्या आधी जेवायची. बाकीच्या मुली नंतर. त्यामुळं रोज संध्याकाळी ती एकटी पडवीत माझ्या चुलीपाशी बसून गरम भाकरी खायची. एकटं जेवायचं आणि बोलायचं नाही हे तिला जमायचं नाही. तिच्याशी माझी ओळख अशी झाली.

दुसऱ्या वर्षी मुलींनी नाटक करायचं ठरवलं. लिहिलं कुसुमताईनं. ती वाईची, वकिलाची मुलगी, हुशार आणि तापट. नाटकाचं नाव 'एका खोलीतल्या तिघी'. कॉलेजात शिकणाऱ्या तीन मैत्रिणी. एकीला डॉक्टर व्हायचं असतं, एकीचं लग्न ठरलेलं असतं आणि एक विधवा असते, ती शिकायला आलेली असते. तिघी एकमेकींना सांभाळून घेतात आणि शेवटी आपापल्या वाटेला लागतात. पुरुषांची कामंही मुलीच करणार. साताऱ्याची लीलाताई उंच होती, ती मिशा लावून बाप होणार होती. विधवेचं काम कोण करणार यावर दोन दिवस वाद झाला, कारण कुंकू पुसून लोकांपुढं उभं राहायचं. कुणाचीच आई कबूल झाली नसती. शेवटी पद्माताई म्हणाली, मी करते, आजीला कळवू नका म्हणजे झालं.

तालीम जेवणाच्या खोलीत चालायची, पडवीला लागून. मी ज्वारी निवडत ऐकायची. पद्माताई विधवा होऊन रडायची. लिहिलंच तसं होतं, एक पानभर रडणं. रडून झालं की समोर हात पसरून विचारायची, "सांगा, आता मी कुणाकडे पाहू?"

आमच्याकडं जत्रेत ओव्या म्हणणारे देवाची गोष्ट सांगतात, तेव्हा मध्येच थांबून समोरच्यांना विचारतात, आता देवानं काय करावं? समोर बसलेल्यांनी उत्तर द्यायचं असतं. कुणी बोललं नाही तर म्हणणाऱ्याला वाटतं, गोष्ट पटली नाही, आणि तो रुसतो. आम्ही लहानपणापासून उत्तरं देत आलेल्या. पद्माताईनं तीनदा विचारलं आणि कुणी काही बोलेना, तेव्हा मला तिची दया आली. मी सूप खाली ठेवलं आणि दारातून म्हणाले, "कुणाकडं म्हंजे? पोटाकडं बघा की."

सगळ्या हसल्या. कुसुमताई लाल झाली. म्हणाली, "सुंद्राबाई, हे नाटक आहे. इथं उत्तर द्यायचं नसतं."

"मग इचारता कशाला?"

पद्माताई पोट धरून खाली बसली. कुसुमताई पाय आपटत निघून गेली. पण ती हुशार होती हे मी म्हटलंच. दुसऱ्या दिवशी वही घेऊन पडवीत आली आणि म्हणाली, पोटाकडं बघून पुढं काय करते ती? मी म्हटलं, आधी बघते झोपायचं कुठं. मग बघते पाणी कुठं. कोण वाईट नजरेचं आहे ते बघते. एवढं सगळं बघायचं असल्यावर पानभर रडायला तिला वेळ कधी मिळतो? कुसुमताई लिहून घेत होती. भाकरी थापता थापता मी सांगत गेले, ती लिहीत गेली. आठ दिवस हे चाललं. माझं बोलणं कुणी लिहून घेण्यासारखं आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. मी जरा जास्तच बोलले.

तिनं विचारलं, घरून निघताना आई काय म्हणाली? मी सांगितलं. माघारी येऊ नगंस, आलीस तर दार उघडायची न्हाई मी. कुसुमताईची पेन्सिल थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. अव्वाच्या बोलण्याचं कुणाला तरी वाईट वाटलं याचं बरं वाटलं.

ते वाक्य नाटकात गेलं, शुद्ध भाषेत. आणि त्याच्या पुढं कुसुमताईनं आपलं एक घातलं. पद्माताईनं लोकांकडं बघून विचारायचं, "सांगा, अशा आईला काय म्हणावं?" तिला प्रश्न फार आवडायचे.

चार महिन्यांचं दीड वर्ष झालं होतं. प्रयोगाच्या आधी चार दिवस मास्तरांचं पत्र आलं. रेक्टरबाईंनी माझ्या हातात दिलं आणि मी वाचलं. रविवारी तुझी आई आणि चुलते तुला न्यायला येत आहेत, पाटाचं नक्की झालं आहे, माणूस तोच. शेवटी मास्तरांनी लिहिलं होतं, माझा इलाज चालला नाही.

संध्याकाळी पद्माताई जेवायला बसली तेव्हा तिला सांगितलं. ती म्हणाली, "तू नाही म्हण. तुझ्या मनाविरुद्ध कोण नेणार आहे?"

"न्हाई कुणाला म्हनू? अव्वा ऱ्हाते चुलत्याच्या घरात. मी न्हाई म्हनले की भाकरी तिची बंद हुनार."

"मग आईच नाही म्हणाली तर?"

"ती कशाला म्हनंल? न्यायला तीच येतीया की."

पद्माताईनं भाकरी अर्धी ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदा ती गप्प बसून जेवली.

मी जायचं ठरवलं होतं. रविवारी सकाळी लुगडी बांधून ठेवली. अव्वा आणि चुलता अकराच्या सुमाराला टांग्यातून उतरले. अव्वा वाळली होती. मला म्हणाली, जाडी झालीस. चुलता म्हणाला, आवर, संध्याकाळच्या मोटारीनं जायचं हाय. रेक्टरबाईंनी दोघांना जेवायला घातलं आणि अव्वाला म्हणाल्या, दुपारी आमच्या मुलींचं नाटक आहे, सुंद्राचं त्यात काम आहे, तेवढं होऊ द्या. काम म्हणजे पडद्यामागून तांब्या आणि पुस्तकं हातात देणं. चुलत्याला नाटक बघायची हौस आली, पण प्रयोग फक्त बायकांसाठी होता. तो हॉलबाहेर लिंबाखाली पागोटं उशाला घेऊन झोपला.

हॉल एका शाळेचा. रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून दिव्यांशिवाय भागावं असा दुपारचा प्रयोग. खिडक्या उघड्या. फळ्या टाकून स्टेज केलेलं, चादरी शिवून पडदा. मागं खुर्च्यांवर सांगलीतल्या प्रतिष्ठित बायका, पुढं जाजमावर बाकीच्या. चारशे तरी असतील. अव्वा अगदी पुढं जाऊन मांडी घालून बसली, जत्रेत बसते तशी. मी बाजूला तांब्या घेऊन उभी होते. मला ती दिसत होती.

पहिला अंक चांगला झाला. लीलाताईच्या मिशीची एक बाजू सुटली, ती तिनं बोटानं दाबून धरून लेकीला आशीर्वाद दिला. अव्वा हसली. मग दुसरा अंक. पद्माताई पांढरं लुगडं नेसून, मोकळ्या कपाळानं आली. ती रडली नाही. मी सांगितलं तसं तिनं आधी खोली बघितली, वळकटी कुठं टाकायची ते बघितलं, माठात पाणी आहे का बघितलं. मग मैत्रिणींनी विचारलं, घरून कशी आलीस? तेव्हा ती पुढं आली आणि म्हणाली, "मोटार निघाली तेव्हा आई म्हणाली, माघारी येऊ नकोस. आलीस तर दार उघडणार नाही मी."

अव्वानं मान वर केली. तिनं ओळखलं ते मला दिसलं.

पद्माताईनं हात पसरले. "सांगा, अशा आईला काय म्हणावं?"

आणि अव्वा उठली. पदर सावरला आणि उत्तर दिलं.

"आवं बाई, मी हाय ती आई. काय म्हनायचं ते मला म्हना, पर आदी ऐका. दार उघडलं असतं तर हिच्या चुलत्यानं हिला मेंढराच्या वाड्यात घातली असती, त्या म्हाताऱ्याच्या. मागं बघत ऱ्हायली असती तर पाय मोडला असता हिचा. म्हनून बोलले येऊ नगंस. लेक नगं म्हनून न्हाई बोलले मी."

माझ्या हातातला तांब्या वाकडा होऊन पाणी पायावर सांडत होतं. पडद्याच्या दुसऱ्या बाजूला कुसुमताई डोकं धरून उभी होती. अव्वाला तोवर कळलं असावं की बाकी कुणी उत्तर देत नाहीये, आपण एकट्याच उभ्या आहोत. ती बसायला लागली.

पद्माताईनं तिला बसू दिलं नाही. स्टेजच्या कडेपर्यंत आली, गुडघ्यावर बसली आणि अव्वाच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मग आई, आता तू न्यायला आलीस तर मी येऊ का?"

हे नाटकात नव्हतं.

अव्वानं बाजूला माझ्याकडं बघितलं. चारशे बायका तिच्याकडं बघत होत्या. आत्ताच सगळ्यांसमोर सांगून बसली होती की त्या म्हाताऱ्याच्या घरी लेक जाऊ नये म्हणून दार लावलं. आता ये म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

"नगंस येऊ," अव्वा म्हणाली. "ऱ्हा हितंच."

आणि खाली बसली. मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. अव्वानं शेजारच्या बाईला विचारलं, मिश्री हाय का.

तिसऱ्या अंकाकडं फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. बायका माना वळवून अव्वालाच बघत होत्या.

प्रयोग संपल्यावर आम्ही बाहेर आलो. चुलता पागोटं बांधत होता. म्हणाला, गठुडं कुठाय? अव्वा म्हणाली, ती येत न्हाई.

"का?"

"मी सबूद दिलाय."

"कुनाला?"

"त्या नाटकातल्या बाईला."

"वैनी, ती खरी बाई न्हवं. सोंग हाय ते."

"सोंग आसंल. सबूद माझा हाय. चारशे बायकांनी ऐकलाय. आता मोडला तर सांगलीत तोंड दाखवायला यायची सोय ऱ्हायची न्हाई."

चुलता म्हणाला, तुला सांगलीला यायचंय कशाला? अव्वा म्हणाली, लेक हितं हाय की माझी. तो बडबडत टांग्याकडं गेला. तिला त्यानं हाकललं नाही, कारण मेंढरांची लोकर कातायला आणि घोंगडी विणायला घरात तिच्यासारखा हात दुसरा नव्हता. हे मी आधीच ध्यानात घ्यायला हवं होतं. मी तिला दुबळी समजून बसले होते.

जाताना ती टांग्यात बसली तेव्हा या खेपेला मी बाहेर उभी होते. पद्माताई अजून पांढऱ्याच लुगड्यात होती. अव्वानं तिला जवळ बोलावलं, आपल्या चंचीतली छोटी डबी काढली आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं. अव्वा स्वतः विधवा. तिच्या हातचं कुंकू चालतं का नाही याचा विचार पद्माताईनं केला नाही आणि अव्वानंही नाही. विधवेच्या चंचीत कुंकवाची डबी कशाला, हे मला टांगा गेल्यावर कळलं. पाटासाठी, माझ्यासाठी आणली होती.

कुसुमताई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिचं नाटक मोडलं होतं. तिसऱ्या दिवशी राग गेला आणि तिला वाटायला लागलं की तो भाग तर फार उत्तम झाला. पुढं साताऱ्याला प्रयोग ठरला तेव्हा तिनं एका मुलीला लुगडं नेसवून प्रेक्षकांत बसवलं आणि अव्वाचं बोलणं तोंडपाठ करून उठायला लावलं. आधी मलाच सांगत होती, मी नको म्हटलं. मला माझ्या आईचं सोंग घ्यायचं नव्हतं. साताऱ्यात ती मुलगी उठली आणि अगदी शुद्ध उच्चारात "आवं बाई" म्हणाली. बायका म्हणाल्या, खाली बसा, मागच्यांना दिसत नाही. पडलं ते. पण त्या निमित्तानं मी आगगाडीत बसले आणि हिरवे डोंगर बघितले. जतच्या माणसाला तेवढं हिरवं खरं वाटत नाही.

मुली पास होऊन गेल्या. पद्माताई शिक्षिका झाली. कुसुमताईचं लग्न मोठ्या घरी झालं आणि लिहिणं बंद पडलं. जाण्याआधी दोघींनी मला प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षेला बसवलं. दोनदा बसले, दोनदा गणितात नापास झाले, मग सोडून दिलं. मला भाकरी येत होती आणि माणसं ओळखता येत होती. देश स्वतंत्र झाल्यावर थोड्याच दिवसांत मी दोन खोल्या घेऊन शिकणाऱ्या मुलींची खाणावळ सुरू केली. परत लग्न केलं नाही. कुणी विचारलं नाही असं नाही, पण मला दुपारी दोन तास एकटं पडायला आवडायचं. पंचेचाळीस वर्षं खाणावळ चालवली. माझ्याकडं जेवलेल्या मुली आज कुठं कुठं आहेत, त्यातल्या काहींना मी आवडत नव्हते. मी ताटात टाकू देत नसे.

गावी मी वर्षातून दोनदा जायची. अव्वा दार उघडायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "कवा जानार?" सुरुवातीला लागायचं मला. मग कळलं की गावातल्या दुसऱ्या कुठल्याच बाईला असं कुणी विचारत नाही. त्यांना जायला जागाच नव्हती.

तिच्या शेवटच्या वर्षांत मी तिला सांगलीला आणलं. एकदा दोघी शेंगा फोडत होतो, तेव्हा विचारलं. म्हटलं, खरं सांग, मोटारीपाशी बोललीस ते खरंच माझ्या भल्याचं म्हणून बोललीस, का त्या साली दुष्काळ होता आणि एक तोंड कमी होत होतं म्हणून?

अव्वानं हातातली शेंग फोडली. म्हणाली, "दोन्ही आसंल. आता काय ठावं. पर नाटकात बोलले ते तवा खरं झालं."

मला ते पुरलं. तिच्यावरचा राग कधी गेला ते मला सांगता येत नाही. पण त्यानंतर शोधला तर सापडला नाही.

आता तासगावकडं सगळी द्राक्षं झाली. जतला अजून टँकरच येतो. गावातलं घर चुलत्याच्या नातवंडांचं. पक्कं बांधलंय, लोखंडी दार आहे. माझ्याकडं त्याच घरातली एक पोरगी राहते, चुलत्याची पणती, प्रतीक्षा. सांगलीला कॉलेजात आहे. घरच्यांना तिचं लग्न उरकायचं होतं, मी म्हटलं पाठवा इकडं. ज्यानं मला न्यायला टांगा आणला, त्याच्या घरची पोरगी माझ्या खोलीत अभ्यास करते. चुलता असता तर त्यानं काय म्हटलं असतं कुणास ठाऊक. तो माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त मेंढरांचं कळायचं.

गेल्या महिन्यात प्रतीक्षाच्या कॉलेजचं नाटक होतं. परत मुलींचंच. हॉस्टेलमधल्या मैत्रिणी, एकीला परदेशी जायचंय, एकीला घरातून पळायचंय. साठ वर्षांत मुली तिथंच. प्रतीक्षा म्हणाली, आजी, ये बघायला, पण गप्प बस. तिला अव्वाची गोष्ट माहीत होती.

मोठं थिएटर, गार हवा, मऊ खुर्च्या. लोक हातातले फोन बघत होते. शेवटी प्रतीक्षा पुढं आली, तिच्यावर एकच दिवा सोडला होता, आणि तिनं सगळ्यांना विचारलं, "माझं घर नेमकं कुठलं? कुणी सांगेल मला?"

थांबली ती. पुन्हा विचारलं. सगळं थिएटर चिडीचूप. एवढी माणसं बसलेली आणि एकाला उत्तर द्यावंसं वाटेना. पोरगी तिथं एकटी उभी.

मी म्हटलं, "सातला जेवायला ये, सांगते."

लोक हसले. तिचं पुढचं वाक्य गेलं. नाटक संपल्यावर माझ्याशी न बोलता ती मैत्रिणींबरोबर निघून गेली. मी रिक्षा करून घरी आले, चूल आता नाही, गॅस आहे, त्यावर तवा टाकला. पीठ मळताना वाटलं, बोलायला नको होतं.

सातला दार वाजलं. मी उघडलं. तोंड फुगवूनच आली, पाय धुतले, आणि ताट घेऊन बसली.